बाकोआच्या जागेवर कोण बसलं

रेरेया म्हातारीला गोऱ्या मास्तरांचा भयंकर वीट आला होता. आणि बेटावरच्या आमच्या गावात येणारे गोरे मास्तर राहायचे कुठे, तर रेरेयाच्याच घरी. घर शाळेला लागून, विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात गोड, आणि घरात खाणारी तोंडं कमी. म्हणून गावच्या म्हाताऱ्यांनी एकदा ठरवलं ते कायमचंच झालं. दोन वर्षं भरली की एक जायचा, बोटीवर चढताना ढसाढसा रडायचा, आणि त्यानंतरच्या बोटीने दुसरा यायचा. तसाच लालबुंद, तसाच हसरा.

"हे म्हणे शिकवायला येतात," रेरेया म्हणायची. "आल्यापासून मीच शिकवतेय. हगायला कुठे बसायचं, तिथपासून."

पहिला आला होता तो पोरांना पोहायला शिकवणार होता. आमच्या पोरांना! चालायच्या आधी पाण्यात पडणारी जात ही. दुसरी एक पोरगी होती, तिने रेरेयाच्या डुकराला नाव ठेवलं, त्याला गाणी म्हणून दाखवली, आणि सणाला ते कापलं तेव्हा दोन दिवस अंथरूण धरलं. तिसऱ्याने पांढऱ्या रेतीत टोमॅटो लावले. टोमॅटो आले नाहीत, खेकडे आले. जाताना तिघांनीही रेरेयाच्या गळ्यात पडून सांगितलं, की मी तुम्हाला कधी विसरणार नाही. पुढे कुणाचं साधं खुशालीचं कार्डसुद्धा नाही. रेरेयाला त्याचं काही वाटलं नाही. तिला ते तिघे एकमेकांपासून नीट वेगळे आठवतही नव्हते.

चौथा आला तो हॅमिश. न्यूझीलंडच्या खालच्या टोकाचा, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त तिथला. हॅमिश म्हणायला तोंडाची जी कसरत लागते ती करायला गावात कुणाला सवड नव्हती, म्हणून त्याचा आमिती झाला. सहा फूट उंची, सोललेल्या कोळंबीचा रंग, आणि कायम मदतीला तयार. रेरेयाला मदतीला तयार माणसाचा फार राग. अशा माणसाला बाजूला सारून मग काम करावं लागतं.

पण या आमितीचं दुखणं आणखी वेगळं होतं. त्याला पाहुणा व्हायचं नव्हतं.

आता पाहुणा होण्यात वाईट काय? पाहुण्याला वेगळी चटई, चिनी मातीचं ताट, चमचा, माशाच्या पोटाकडचा लोण्यासारखा तुकडा. पाहुण्याकडे कुणी काही मागत नाही. त्याची सायकल त्याची, त्याची बॅटरी त्याची. आधीचे तिघे दोन-दोन वर्षं चमच्याने जेवून सुखाने गेले. पण याने दुसऱ्याच आठवड्यात चमचा परत केला.

"मी पाहुणा नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. भाषा तेव्हा मोडकीच होती. "मी गाव."

"तू गाव?" रेरेयाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरं बाबा गाव, आधी लुंगी नीट नेस. मागून सगळं दिसतंय."

मग तो हाताने जेवू लागला, कोपरापर्यंत ओघळ. भिंतीची खोली सोडून उघड्या मचाणावर झोपू लागला, आणि रोज सकाळी कोंबड्यांविषयी तक्रार करू लागला. माडावर चढायचं खूळ डोक्यात आलं. पोय, म्हणजे कोवळा फुलोरा, तासून माडी उतरवायची, गावच्या पुरुषांसारखी. पुरुषभर उंचीवरून माकडहाडावर आदळला. रेरेयाने खोबरेल लावून त्याची कंबर रगडली. रगडताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो पालथा पडल्या पडल्या म्हणत होता, "आई, आभारी आहे. आई, आभारी आहे."

आई! बोटीवर बसवायच्या आधी यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, की ज्या घरी राहाल त्या घरच्या बाईला आई म्हणा. पहिल्या दिवशी त्याने आई म्हटलं तेव्हा रेरेया शेजारणीला म्हणाली, "माझ्या पोटी हे निपजलं असतं तर मी दाईला विचारलं असतं, बाई गं, याची वरची साल कुठंय?"

आणि ते आभार! उठता आभार, बसता आभार. नारळ फोडून दिला, आभार. शाळेत उशीर झाला म्हणून रेरेयाने शिव्या घातल्या, त्याचेही आभार.

"मुडद्या, घरात आभार कोण मानतं?" एकदा तिने त्याला समोर बसवून विचारलं. "परका मानतो. पाहुणा मानतो. एकीकडे म्हणतोस मी पाहुणा नाही, आणि तांब्याभर पाण्याला आभार. एक काय ते ठरव."

आमितीने खूप विचार केला. "समजलं आई," तो म्हणाला. "आभारी आहे."

रेरेयाने कपाळाला हात लावला.

शाळेत तो इंग्रजी शिकवायचा. काय शिकवायचा देव जाणे, दिवसभर टाळ्यांचा आवाज यायचा. पोरं त्याच्यावर खूश, कारण तो मारत नसे. मास्तर मारत नाही म्हणून पोरांच्या आया नाखूश. सहा महिने तर प्रत्येक दारात त्याचं डोकं आपटायचं. मानेआबात शिरताना तर नेमाने. पोरं आधीच कोपऱ्यात जमून वाट बघत बसायची, की आता आपटणार.

मानेआबा म्हणजे आमची चावडी, कोर्ट आणि लग्नाचा मांडव, सगळं एका छपराखाली. छपराची वळचण इतकी खाली उतरलेली, की मंत्री आला तरी कमरेत वाकल्याशिवाय आत येणं नाही. आत भिंत नाही, खुर्ची नाही. कुठे कुणाचं नाव लिहिलेलं नाही, पण कोणत्या वाशाखाली कोणत्या घराण्याने बसायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घराण्याचा पुरुष पुढे बसतो, बायका-पोरं त्याच्या मागे. सणाला जेवण वाटतात तेव्हा एकेका जागेचं नाव पुकारलं जातं. पुढे बसलेल्या पुरुषाने खणखणीत आवाजात म्हणायचं, "आहे!" मग त्या जागेला वाटा मिळतो. एवढंच. पण या एवढ्यावरच सगळं गाव उभं आहे.

रेरेयाची जागा बाकोआ घराण्याची. पश्चिमेकडची, दोन दगडी खांबांच्या मधली. तिथे तिचा भाऊ तेराका बसायचा. तेराका वारला आणि पुढची जागा रिकामी पडली. मागे एकटी रेरेया. बाईने पुढे बसायचं नाही हा नियम कुणी केला, तर पुढे बसणाऱ्यांनी. त्यावर रेरेयाचं मत होतं, आणि ते ती बोलून दाखवायची, पण नियम काही हलला नव्हता.

शेजारची जागा बिरिबोची. हा बिरिबो म्हणजे गोडबोल्या, गुळगुळीत, पोट सुटलेला. कुणाचं वाईट चिंतायचं झालं तरी आधी प्रार्थना करून मग चिंतणारा. त्याची चटई ऐसपैस, काठाला काळी नक्षी असलेली, बायकोकडच्यांनी विणलेली. तेराका गेल्यापासून ती चटई दर सणाला वीतभर बाकोआकडे सरकत होती. "बाकोआ!" असं पुकारलं की हाच उत्तर द्यायचा, "आहे! मी घेतो त्यांचं." मग वाटा आधी त्याच्यापुढे जायचा, आणि तिथून मागे रेरेयाकडे यायचा. डुकराचं मांस यायचं, चरबी वाटेत नाहीशी व्हायची.

"ताई, तुझीच जागा आहे गं," बिरिबो म्हणायचा. "मी आपला सांभाळतोय."

"सांभाळतोयस ते दिसतंय. हनुवटीवरनं ओघळतंय, पूस आधी."

शेवटी गावच्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला. त्यांच्यातला थोरला इओतेबा, निम्मा आंधळा, पण आवाज अजून शाबूत. तो म्हणाला, की रिकामी जागा ठेवणं गावाला शोभत नाही. येत्या नव्या वर्षाच्या जेवणाला बाकोआचा कुणी पुरुष बसला तर ठीक. नाहीतर बाकोआची जागा बिरिबोच्या जागेत मिळवायची.

यात रेरेयाचं काय जाणार होतं? जेवण कुठेही मिळालं असतं. पण त्यानंतर कुणाचं खाचर कुणाला, विहीर कुठे, पोरीचं लग्न कुठे, यातल्या कशातही बाकोआचं नाव कुणी पुकारणार नव्हतं. बिरिबोच्या पाठीमागे, बिरिबोच्या बायकामुलांत, त्याने मागे सरकवलेलं खात तिला बसावं लागणार होतं. आणि मेल्यावर गावाने म्हटलं असतं, बिरिबोकडची ती म्हातारी गेली. या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिला मुलगा नव्हता असं नाही. चांगला धडधाकट होता. मिकाएरे. आधी जहाजावर होता, मग राजधानीत घर केलं, बायको सरकारी कचेरीत, घरात फ्रीज. फ्रीजचं त्याला फार कौतुक. रेरेयाने बोटीवरच्या माणसाबरोबर निरोप धाडला, की नव्या वर्षाला ये, जागेवर बस, नाहीतर जागा जाते. एका रात्रीचा बोटीचा प्रवास. चंद्रावर राहत नव्हता मेला.

बोट आली. बोटीतून तांदळाचं पोतं उतरलं, वर एक सौर दिवा. मिकाएरे नाही उतरला.

"पुढच्या खेपेला नक्की येतो म्हणालाय," बोटीवरचा माणूस म्हणाला.

"पोतं कुठे ठेवू?" आमितीने विचारलं.

"माझ्या डोक्यावर ठेव!" रेरेया ओरडली. आणि गावाने विचारलं तेव्हा, गेली दोन वर्षं सांगत होती तेच तिने सांगितलं, की कामाचा फार ताण आहे त्याला, पुढच्या बोटीने येतोय.

नव्या वर्षाच्या जेवणाला सगळं गाव लोटलं. बाबाईचे, म्हणजे आमच्या दलदलीतल्या अळूचे गड्डे, नीरफणस, भाजलेली डुकरं, भात, डब्यातलं मटण, माशांचे ढीग. रेरेया तिच्या जागी मागे बसली, समोर रिकामी फरशी. बिरिबो न्हाऊन, तेल चोपडून आला होता. त्याने आपली चटई अंथरली ती आज वीतभर नाही, सरळ बाकोआच्या मधोमध पोचेल अशी, आणि स्वतः तिच्या पलीकडच्या टोकाला बसला.

आमितीसाठी पाहुण्यांच्या बाजूला नेहमीसारखी चटई घातली होती, ताट मांडलं होतं, चमचा ठेवला होता. गळ्यात घालायला फुलांची माळ घेऊन दोन पोरी उभ्या. आमिती वळचणीखालून आत आला, डोकं न आपटता. पोरांचा विरस झाला. त्याने माळेकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग सगळ्या मानेआबात नजर फिरवली. त्याला दिसली रेरेया, एकटी, आणि तिच्यापुढे एवढी मोठी मोकळी जागा. त्या भोळ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारी एकटी बसलीय, तिच्याजवळ बसावं. लांब टांगा टाकत तो मानेआबा ओलांडून आला आणि बाकोआच्या जागेवर, अगदी पुढे, तेराकाच्या जागी, फतकल मारून बसला. बसला तो बिरिबोच्या चटईच्या काठावर.

मानेआबा चिडीचूप झालं. आमितीला वाटलं प्रार्थना सुरू होतेय, म्हणून त्याने डोळे मिटले.

"ऊठ, गाढवा," रेरेया मागून दात चावून म्हणाली. "ऊठ तिथून!"

त्याने डोळे उघडून मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसला. बिरिबो आपली चटई ओढू लागला, पण तिच्यावर सहा फूट मास्तर बसलेला. चटई तसूभर हलेना. तेवढ्यात पलीकडून वाटप सुरू झालं. एकेक नाव, एकेक "आहे!" होत होत इकडे आलं.

"बाकोआ!"

बिरिबोने तोंड उघडलं. पण दीड वर्षं प्रत्येक सणाला हे ऐकून ऐकून आमितीला ते पाठ झालं होतं. ज्या घराचं नाव त्या घरचा ओरडतो, आणि आपलं घर बाकोआ, एवढंच त्याला कळलं होतं. तो ताठ बसून गरजला, "आहे!"

छपरातले पक्षी उडाले. मग हशा पिकला. माणसं मांड्या थोपटून हसू लागली. बिरिबो सगळ्यात मोठ्याने हसला, आणि पोट सावरत म्हणाला, "चुकलं बिचारं. उठवा त्याला, चमचा द्या हातात. वाटा इकडे आणा."

"थांबा," इओतेबा म्हणाला. हसू ओसरलं. म्हाताऱ्याने आपले पांढुरके डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. "जागेवर कुणीतरी बसलंय, आणि त्याने उत्तर दिलंय. हसून ते पुसलं जात नाही. रेरेये, हा कुणाचा?"

पाहुणा आहे, चुकून बसला, एवढं म्हणणं सोपं होतं. खरंही होतं. मग आमिती उठला असता, चमचा घेतला असता, आणि तिची जागा तिथल्या तिथे बिरिबोच्या घशात गेली असती. आणि माझा म्हणावं, तर हे ध्यान माझं असं साऱ्या गावासमोर कबूल करायचं. त्याची प्रत्येक चूक उद्यापासून तिच्या पदरात. पण तेही तिने गिळलं असतं. खरी गोष्ट निराळीच होती. माझा म्हणायचं, तर मिकाएरे येणार नाही हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार होतं. पुढच्या बोटीने येतोय, पुढच्या बोटीने येतोय, असं सांगत ती इथवर आली होती. गाव मान डोलवायचं आणि कुणाचा विश्वास नसायचा. तिचाही नव्हता.

"माझा," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल."

"माझा! बहिरे झालात का सगळे? दीड वर्षं माझ्या घरचं खाऊन माजलाय, मग कुणाचा असणार? बाकोआचा आहे!"

"अगं ताई," बिरिबो काकुळतीला आला, "असं कसं? आणि मग आपला मिकाएरे?"

"मिकाएरे पाहुणा आहे," रेरेया म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "येईल कधी, तर तिकडे बसवा त्याला. ताट द्या. चमचा द्या. राजधानीत सवय झाली असेल."

आता कुणी हसलं नाही. इओतेबाने वाढणाऱ्यांकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "बाकोआला वाटा द्या."

वाटा आला, चरबीसकट. आमिती मागे झुकून कुजबुजला, "आई, ते काय म्हणाले?"

"जेव म्हणाले."

"आभारी—"

रेरेयाने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की पुढचा शब्द त्याच्या घशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बिरिबो दारात. रेरेयाला नाही, थेट आमितीला म्हणाला, "बाळा, आता तू आपलाच. तुझी सायकल दे." आणि घेऊन गेला. त्याच्यामागे बॅटरी मागायला एक, गिटार मागायला एक, बूट मागायला एक. आपल्या माणसाने मागितलं की नाही म्हणायचं नसतं. इथे तसं कुणी म्हणत नाही, लाज वाटते. संध्याकाळपर्यंत आमितीकडे लुंगी, दाढीचं सामान आणि मच्छरदाणी उरली.

तो रेरेयासमोर येऊन बसला. रडायच्या बेतात होता. "आई, दीड वर्षं कुणी काही मागितलं नाही. आता सगळं नेलं. मी काय चूक केली?"

"गाव व्हायचं होतं ना तुला? झालास. आता भोग."

"माझी सायकल..."

"अरे मग तूही माग की! तोंड शिवलंय का तुझं? जा बिरिबोकडे."

"काय मागू?"

रेरेया खुदकन हसली. तेराका गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. "चटई माग," ती म्हणाली. "काळ्या नक्षीची."

आमिती गेला. बिरिबोचा चेहरा कसा झाला ते बघायला पाच-सात बाया मुद्दाम विहिरीवर रेंगाळल्या होत्या. पाहुण्याला टोलवता आलं असतं, पण पाहुणा कुठे राहिला होता? सकाळी त्यानेच सांगितलं होतं ना, आता तू आपलाच म्हणून! त्याने चटई गुंडाळली, आणि गुंडाळताना म्हणे त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या दिवशी त्याला चूल पेटलेली दिसली नाही. पुढच्या सणापासून ती चटई बाकोआच्या जागेवर, दोन खांबांच्या मधोमध. बिरिबो उघड्या फरशीवर.

आमिती सुधारला असं कुणी समजू नये. माडावरून तो आणखी दोनदा पडला. पण आभार मानणं बंद झालं. एकदा रेरेयाने मासा दिला तर बघून म्हणाला, "एवढाच?" रेरेयाने त्याला झाडूने मारलं, आणि आणखी एक दिला.

ईस्टरला बोट आली आणि तिच्यातून मिकाएरे उतरला. बातमी राजधानीत पोचली होती. पायात बूट, अंगाला अत्तराचा वास.

"आई, मी आलो," तो म्हणाला.

"दिसतंय," रेरेया म्हणाली. "किती दिवस?"

"सोमवारी बोट परत जाते ना."

"हं."

"तिकडे लोक काहीतरी सांगत होते. माझ्या जागेवर म्हणे..."

"तुझी जागा तुझ्या फ्रीजजवळ आहे," रेरेया म्हणाली. "चल, जेवण सुरू होईल."

मानेआबात शिरताना मिकाएरेचं डोकं वळचणीला आपटलं. किती वाकायचं ते तो विसरला होता. कोपऱ्यातली पोरं खिदळली. आमिती जागेवर बसलेला होता. मिकाएरेला बघताच तो गडबडीने उठू लागला. "आई, हा खरा मुलगा. त्याची जागा."

रेरेयाने त्याची लुंगी धरून त्याला खाली ओढलं. "सोमवारी तू कुठे असशील?"

"शाळेत."

"मग बस."

हाही जाणार होता. त्याची दोन वर्षं भरत आली होती. रेरेया काही वेडी नव्हती. पण आता तिची नजर मिकाएरेवर होती. तो मधोमध उभा होता, कपाळ चोळत. चटई ऐसपैस होती, दोन पुरुष आरामात बसले असते. त्याने येऊन आमितीला नुसतं "सरक" म्हणायला हवं होतं. तेवढा एक शब्द. मग तिने मागचं सगळं सोडून दिलं असतं, गावाच्या पाया पडली असती, म्हणाली असती, म्हातारी रागाच्या भरात बोलली, पुसून टाका. ती वाट बघत होती.

मिकाएरेने चटईकडे पाहिलं, आमितीच्या मातकट पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. पाहुण्यांच्या बाजूला पोरींनी नवी चटई झटकून अंथरली होती. तो तिकडे गेला आणि बसला. एका पोरीने त्याच्या गळ्यात माळ घातली, दुसरीने पुढे ताट ठेवलं, ताटात चमचा.

"आभारी आहे," मिकाएरे म्हणाला.

रेरेयाला ते स्पष्ट ऐकू आलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही. पलीकडून नावं पुकारत पुकारत वाटप जवळ येत होतं.

"बाकोआ!"

आमिती गप्प. तो मागे वळून तिच्याकडे बघत राहिला होता.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस, मेल्या," रेरेया म्हणाली. "उत्तर दे."